पाठीमागून हाक

अविनाशच्या हेडफोनची पिन निसटली आणि कॉम्प्युटरला जोडलेल्या दोन्ही स्पीकरांतून एकदम किंचाळी फुटली. भूगोलाचं व्याख्यान होतं, सभागृहात घेतलेलं. सरांनी माइक भोंग्याजवळ नेल्यावर जी कर्कश शीळ उठली होती, नेमकी तीच जागा त्या क्षणी चालू होती, आवाज पूर्ण वर. माझ्या हातातला चहा कपाबाहेर उसळला. अविनाशने दोन्ही कान दाबून धरले. फायलींचा गठ्ठा घेऊन व्हरांड्यातून चाललेल्या आशाबाई दारातच थांबल्या आणि म्हणाल्या, "काय व माय, कोणाले मारून राह्यले?" मग पिन जागेवर बसली, खोली शांत झाली, अविनाश हसला, आशाबाई पुढे गेल्या. एवढंच झालं. आमच्या खोलीत असं अधूनमधून होतच असतं. पण टेबल पुसायला फडकं घेताना माझ्या लक्षात आलं, की आम्ही तिघं दचकलो होतो, आणि तिथे होतो पाच जण.

एक हिमानी. ती खिडकीजवळच्या खुर्चीत बसून दुसऱ्या स्क्रीनवर कॅप्शन तपासत होती, आणि ती दचकणार नव्हतीच. तिला जन्मापासून ऐकू येत नाही. तिने मान वर केली ती माझा सांडलेला चहा बघून. दुसरी ओवी, माझी दोन वर्षांची मुलगी. सासूबाई देऊळगाव राजाला नात्यातल्या साखरपुड्याला गेल्या होत्या, म्हणून तिला ऑफिसात आणावं लागलं होतं. ती फरशीवर पाठमोरी बसून सीडीच्या रिकाम्या डब्या एकावर एक रचत होती. स्पीकर तिच्या पाठीशी हातभर अंतरावर. तिने पुढची डबी उचलली, ठेवली, नीट बसली का ते मान तिरकी करून पाहिलं. हिमानीची नजर माझ्यावरून अविनाशवर गेली, त्याच्यावरून ओवीवर, तिथे जरा थांबली, आणि परत माझ्याकडे आली. मी फडक्याकडे बघत राहिले. टेबल केव्हाच कोरडं झालं होतं, तरी पुसत राहिले. ओवी तिच्या खेळात होती, मी स्वतःला म्हटलं. मुलं खेळात गुंगली की त्यांना काही ऐकू येत नाही. हे वाक्य मनात पुरं झालं तेव्हा ते मला कुणीतरी दुसऱ्याने लिहिल्यासारखं वाटलं, आणि मी ते स्क्रीनवर वाचत होते.

आमची खोली म्हणजे विद्यापीठाच्या बुलडाण्यातल्या उपकेंद्राची जुनी स्टोअर रूम. दारावर 'सुगम्य साहित्य कक्ष' अशी पाटी आहे, पण सगळे तिला कॅप्शनवाल्यांची खोली म्हणतात. प्राध्यापकांच्या व्याख्यानांचे व्हिडिओ आमच्याकडे येतात, मशीन त्यांचं काहीतरी वेडंवाकडं मराठी करून देतं, ते मी ऐकून दुरुस्त करते, अविनाश ते चित्राखाली बसवतो, आणि मग हिमानी बघते. तिने हो म्हटल्याशिवाय व्हिडिओ पुढे जात नाही, असा नियम आहे. हिमानी वडनेर भोलजीची, शेतकऱ्याची मुलगी, बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला. नुसते शब्द लिहून भागत नाही, आवाजही लिहायचे असतात, कंसात. हशा. टाळ्या. दाराचा आवाज. कोणता आवाज लिहायचा आणि कोणता सोडायचा हे मी ठरवायचं. पंख्याची घरघर सोडायची. सरांचं खोकणं सोडायचं. लोणारच्या काठावर घेतलेल्या एका व्हिडिओत मागे मोर ओरडला होता, तर मी कंसात 'मोराचा आवाज' असं लिहिलं. हिमानीने व्हिडिओ थांबवून मोबाइलवर विचारलं, "मोर कसा ओरडते? सुंदर?" मी मान हलवली, म्हटलं, नाही गं, भसाडा. मांजर चिडल्यासारखा. तिला ते खोटं वाटलं. एवढा पिसारा आणि असा आवाज. मग ती खो खो हसली, तिच्या त्या उंच, न मोजलेल्या हसण्याने, आणि तिने लिहिलं, "म्हणजे मी मोराच्या बाबतीत फायद्यात हाय."

पहिल्या दिवशी तिच्याशी बोलताना मी सवयीने हात तोंडाशी नेला होता. विचार करताना माझी बोटं ओठांवर येतात, शाळेपासूनची खोड आहे. हिमानी खुर्चीतून उठली, अगदी सहज माझं मनगट धरलं, आणि हात खाली केला. मग लिहून दाखवलं, "मॅडम, तोंडावर हात ठेवला की तुमचा आवाज बंद होते." मला इतकी लाज वाटली होती. नंतर एकेक शिकत गेले. खिडकीकडे पाठ करून उभं राहायचं नाही, "तोंड काळं दिसते." बोलण्याआधी समोर जायचं, तिची नजर वर येईपर्यंत थांबायचं. चेहऱ्यावर उजेड हवा. एकदा मी फार सावकाश, तोंड वासून बोलायला लागले तर तिने लिहिलं, "साधं बोला. मी बहिरी हाय, येडी नाई." भूगोलाच्या सरांबद्दल तर तिने अर्जच करायचा ठरवला होता, की त्यांनी मिशा काढाव्यात, नाहीतर ती नापास झाली तर जबाबदार मिशा. मी शिकले. मी नेहमीच चांगली विद्यार्थिनी होते, एखादी गोष्ट बरोबर आहे असं कळलं की मी ती सगळीकडे करते. घरीसुद्धा. आता वाटतं, थोडी वाईट विद्यार्थिनी असते तर.

चार वाजता निघाले. हिमानी जाताना ओवीजवळ उकिडवी बसली, तिच्या गालाला बोट लावलं. ओवीने वर पाहिलं आणि दोघी एकमेकींकडे काही क्षण नुसत्या बघत राहिल्या, जशा गावाकडच्या दोन बाया परक्या ठिकाणी भेटल्यावर बघतात. मी ओवीला कडेवर उचललं. रस्त्यावर तिचा हात माझ्या गळ्याभोवती होता. मागून ऑटो आला, त्याने हॉर्न दिला, मी बाजूला झाले. ती माझ्या हलण्याने हलली. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. चालता चालता एकदम वाटलं, हे आत्ता, इथेच बघता येईल. तिला खाली उभं करायचं, मागे जायचं आणि हाक मारायची. एवढंसं काम. मी तिला आणखी घट्ट धरलं आणि चालत राहिले. भाजीच्या गाडीवरच्या बाईने "घ्या ताई, मेथी ताजी हाय" म्हटलं तर मी थांबून नको असलेली मेथी घेतली, कारण तेवढा वेळ थांबता आलं.

तिचे शब्द मी मनात मांडून पाहू लागले. म्मा. पप्पा. पापा म्हणजे पाणी. भूभू. माऊ. एवढे आहेत, आणि मी ते सगळ्यांना सांगत असते, येतात हो तिला, पाच-सहा येतात. अविनाशने किती दिवस तिला 'काका' म्हणायला शिकवलं होतं. ती त्याच्या तोंडाकडे बघायची आणि नुसता जबडा उघडायची मिटायची. आम्ही हसायचो. म, प, ब, भ. सगळे ओठांवरचे. जे बाहेरून दिसतात तेच. 'क' घशात असतो, दिसत नाही. मी एम.ए. मराठी आहे. ओष्ठ्य, कंठ्य हे मी परीक्षेत लिहिलेलं आहे. माझ्या घरात एक मूल वर्षभर फक्त ओष्ठ्य वर्ण बोलत होतं आणि मी त्याचं कौतुक करत होते.

बारशाच्या दिवशी माझ्या नवऱ्याच्या, शंतनुच्या बहिणीने पाळण्यात वाकून तिच्या कानात नाव सांगितलं होतं. कुर्रर्र म्हणून ती एवढ्या मोठ्याने ओरडली, आणि बाकीच्या बायकांनी तिच्या पाठीत एवढे धपाटे घातले, की शेजारचं तान्हं रडायला लागलं. ओवी झोपलेलीच. तिच्या पापणीलासुद्धा कळलं नाही. "केवढी गुणाची," बायका म्हणाल्या. पहिल्या दिवाळीत गल्लीत सुतळी बॉम्ब फुटत होते, मी तिच्या कानांत कापूस घालायला धावले, तर ती पाळण्यात जागी, लुकलुकणाऱ्या माळेच्या दिव्यांकडे बघत हसत होती. मी बहिणीला फोन करून सांगितलं, अगं अजिबात घाबरत नाही. तेव्हा माझ्या आवाजात काय होतं ते मला अजून ऐकू येतं. अभिमान होता. भित्र्या बाईला धीट मुलगी झाली म्हणून. मी तर सगळ्याला भिणारी. तिच्या घशात दाणा अडकेल, ती गॅलरीतून पडेल, तिला डास चावेल, तिचं वजन कमी भरेल. मी रात्री उठून तिच्या नाकाखाली बोट धरून श्वास बघायची. इतकं पाहिलं मी. ज्या दिशेला काहीही नाही असं वाटलं होतं तेवढी एक दिशा सोडून.

घरी आल्यावर कुकर लावला आणि ओट्याला टेकून उभी राहिले. ओवी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात पातेली घेऊन बसली होती. मला एकेक पुरावा उलटा तपासायचा होता, जसा आम्ही व्हिडिओ परत पहिल्यापासून लावतो. कुकरची शिट्टी झाली की ती बघते, हे मला माहीत होतं, मी स्वतः पाहिलेलं होतं. शिट्टी झाली. ती पातेल्यात झाकण बसवत होती. मग वाफेचा पांढरा लोट वर गेला, तिच्या डोळ्याच्या कोपऱ्यात काहीतरी हललं, आणि तिने पाहिलं, आणि माझ्याकडे बघून हसली. वाफ बघून. शिट्टी संपल्यावर. अंधारून आलं. बाबाची गाडी आली की ती दाराकडे पळते, हा माझा दुसरा पुरावा होता. सासूबाई तर सांगतच फिरतात, बापाची गाडी नाक्यावर असतानाच पोरगी ओळखते. शंतनु देऊळघाटच्या शाळेत शिकवतो, आज त्याला बैठकीमुळे उशीर होता. गल्लीत त्याच्या मोटारसायकलचा आवाज आला. मला आला. ओवी हलली नाही. गाडी फाटकाशी वळली, दिव्याचा झोत खिडकीतून आत येऊन समोरच्या भिंतीवरून सरकला, आणि ओवी उठून दाराकडे धावली. उन्हाळ्यात तो उजेड असतानाच यायचा, तेव्हा ती काय बघून धावायची? मग आठवलं. तेव्हा मी धावायचे. मी उठून दार उघडायला जायचे, आणि ती माझ्या मागे.

शंतनुने तिला उचललं, हवेत उडवलं. ताट वाढायच्या आधी मी हिमानीला मेसेज केला. काय लिहावं ते कळत नव्हतं. लिहिलं आणि खोडलं. शेवटी एवढंच विचारलं, "आज ओवीबद्दल तुला काही वाटलं का?" ती टाइप करत असल्याचं दिसत होतं, थांबलं, परत दिसलं. मग आलं, "आज नाई मॅडम. मागच्या वेळी तुम्ही तिले आणलं होतं, दिवाळीच्या आधी, तवाच समजलं." मी लिहिलं, "मग बोलली का नाहीस गं मला?" उत्तर लगेच आलं, जणू तिला या प्रश्नाचंच नवल वाटलं होतं. "मले वाटलं तुम्हाला माहीत हाय. तुम्ही तिच्याशी आमच्यासारखंच बोलता ना. समोर बसून. पहिले गालाला हात लावून. माह्या मायनं पण मले असं नाई केलं. मी घरी सांगितलं मायले, का मॅडमची पोरगी माह्यासारखी हाय, पण नशिबाची हाय."

तो मेसेज मी परत परत वाचला. तिच्या प्रत्येक शब्दात कौतुक होतं. हिमानीची आई, कौशल्याबाई, एकदा प्रवेशाच्या वेळी मला भेटली होती. हिमानी सात-आठ महिन्यांची असतानाच तिला कळलं होतं, तिने सांगितलं. ती कामात असायची, चुलीपुढून हाका मारायची, शेतातून हाका मारायची, पोर बघायचीच नाही, म्हणून कळलं. तिला कुणी शिकवलेलं नव्हतं समोर जाऊन बोलायला. म्हणून कळलं. आणि माझ्या घरात मी नियम करून ठेवला होता. वर्षापूर्वी, या कामावर लागले तेव्हा, मोठ्या उत्साहाने. लहान मुलाशी पाठीमागून बोलायचं नाही, मी घरात सांगितलं होतं. दुसऱ्या खोलीतून ओरडायचं नाही. आधी समोर बसायचं, हात लावायचा, तिने पाहिलं की मग बोलायचं, तोंड दिसलं पाहिजे. शंतनु म्हणाला होता, "घराचं उपकेंद्र केलं हिने." सासूबाई थोडं कुरकुरल्या आणि मग त्यांनीही तसंच केलं, कारण ओवी त्याने खरंच खुलली. बोललेलं ऐकायला लागली, असं आम्ही म्हणालो. 'ऐकते हो आता,' मी म्हणायची. ज्या मुलीला ऐकू येत नाही तिच्यासाठी जे जे करायला हवं ते सगळं आम्ही मन लावून केलं, आणि त्यामुळेच तिला ऐकू येत नाही हे कुणाला दिसलं नाही. तिलासुद्धा नाही. तिच्या जगात काही कमी नव्हतंच. कुणाच्या चुकीने नाही, माझ्या चांगलेपणाने हे वर्ष गेलं, आणि चांगलेपणाबद्दल माफी कुणाजवळ मागायची ते मला कळेना.

जेवताना सांगितलं. शंतनुचा घास हातात राहिला. मग तो म्हणाला, "तू दिवसभर ऑफिसात तेच बघतेस ना, म्हणून तुला घरातही तेच दिसतं." रागाने नाही म्हणाला, समजावण्याच्या सुरात म्हणाला, ते जास्त लागलं. "मीही उशिराच बोललो, आईला विचार." तो उठला, हात धुऊन ओवीच्या मागे गेला आणि टाळी वाजवली. ओवीने वळून पाहिलं. "बघ," तो म्हणाला, आणि त्याचा चेहरा इतका मोकळा झाला, की मला ते दिसलंच नसतं तर बरं झालं असतं. ट्यूबलाइट त्याच्या पाठीमागे होती. टाळीसाठी त्याने हात उचलले तेव्हा त्यांची सावली ओवीच्या पुढ्यातल्या फरशीवर पडली होती. मी सावलीकडे बोट दाखवलं. तो सावलीकडे बघत राहिला, हात तसेच धरून, आणि ओवी त्या सावलीवर पाय ठेवायला लागली. "आई उद्या येईल," तो मग म्हणाला. "तिला येऊ दे. मग बघू." मी हो म्हटलं. मीही तेच शोधत होते, आणखी एक दिवस. त्याच्या तोंडून आला म्हणून मला त्याच्यावर रागावता आलं.

सासूबाई दुसऱ्या दिवशी दुपारच्या गाडीने आल्या. त्या म्हणजे पिशवी खाली ठेवायच्या आधी सगळी बातमी सांगणाऱ्या: मुलगी कशी आहे, पोळ्या कशा जाड होत्या, बालाजीच्या देवळात किती गर्दी होती. शंतनुने त्यांना मध्येच थांबवलं आणि सांगितलं. त्यांनी आधी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "काऊन असं अभद्र बोलून राह्यली व स्नेहल?" त्या म्हणाल्या. "बोलला तो, पण डोकं तुह्यंच हाय. हा बी तीन वर्साचा होईलोक बोलला नोता. आता पाय, वर्गात पोट्ट्यायले गप बसा म्हणत फिरते." मी म्हटलं, आई, बोलण्याचं नाही म्हणत मी. तुम्ही तिला हाक मारता तेव्हा ती बघते का? त्यांनी पदराने कपाळ पुसलं. "हाक कुठं मारतो मी?" त्या सावकाश म्हणाल्या. "तूच सांगतलं ना, हाक नाई मारायची. मी तिच्यापाशी जातो, पाठीले हात लावतो. मले वाटलं शिकलेल्यायची पद्धत हाय." त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. त्या आठवत होत्या, मीही काल तसंच आठवत होते, एकेक. मग म्हणाल्या, "जात्यावरचं म्हणतो मी तिले झोपवताना. ते तिले लय आवडते. माह्या गळ्यावर हात ठेवूनच झोपते." आणि त्यांनी स्वतःच्या गळ्यावर हात ठेवला, आणि तो तिथेच राहिला. ओवी त्यांच्या पिशवीतून साखरपुड्याचे पेढे काढत होती.

थोड्या वेळाने त्या पुन्हा आपल्या मतावर आल्या. माणूस येतोच. वर्षभर थांबा म्हणाल्या, बोलेल. अकोल्याला नेलं की डॉक्टर काहीतरी काढणारच. पोरीच्या जातीला एकदा नाव पडलं की निघत नाही. शंतनु मान खाली घालून ऐकत होता, आणि मला दिसत होतं की तो त्या बाजूला चालला आहे. वाईट माणूस म्हणून नाही. त्या बाजूला सगळं पूर्वीसारखं होतं म्हणून. मी सकाळीच अविनाशला फोन करून चौकशी करायला सांगितलं होतं. त्याने अकोल्याला लहान मुलांचे कान तपासतात त्या ठिकाणी फोन लावला, नेहमीच्या थट्टेचा एक शब्दही न काढता, आणि मला सांगितलं, "मॅडम, ते म्हणते लवकर आना. जेवढं लवकर, तेवढं बरं, म्हणते." तेवढं लवकर. मी फोन ठेवला आणि ते गेलेलं वर्ष एखाद्या वस्तूसारखं माझ्या समोर टेबलावर होतं. त्या वर्षात मी किती तासांच्या व्याख्यानांचे आवाज लिहिले होते. दाराचा आवाज. टाळ्या. मोर. न ऐकणाऱ्या कुणा अनोळखी मुलाला काही कमी पडू नये म्हणून मी एकेक आवाज चिमटीत धरून कंसात ठेवला होता, आणि संध्याकाळी घरी येऊन माझ्या मुलीसमोर बसून, उजेडात, छान ओठ हलवून विचारलं होतं, आज काय काय केलं माझ्या बाळानं?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शंतनुला म्हटलं, अहो, तुम्ही पायरीवर बसा. तिला समोर घ्या. मी काही वाद घालणार नाही. अंगणात कोवळं ऊन होतं. ओवी पायरीच्या खाली, फाटकाकडे पाठ करून, शंतनुकडे तोंड करून बसली होती, आणि त्याच्या चपलेत खडे भरत होती. सासूबाई तुळशीपाशी तांब्या घेऊन थांबल्या. मी फाटकाशी गेले. ऊन समोरून, घरावरून येत होतं. माझी सावली माझ्या मागे, गल्लीकडे पडत होती, ते मी आधी बघून घेतलं. चपला काढून ठेवल्या. वारा नव्हता. एवढी सगळी काळजी घेतल्यावर माझ्या लक्षात आलं, की मी तिला आजवर पाठीमागून हाक मारलेलीच नाही. तिचं नाव मी नेहमी तिच्या डोळ्यांत बघूनच घेतलं आहे. अजून फिरता येईल, वाटलं. पुढे जाऊन, गालाला हात लावून. ती वर बघेल. ती नेहमी बघते.

मी हाक मारली. साधी, घरातल्या घरात मारतात तशी. खडा चपलेत पडला. मग दुसरी हाक मारली, मोठी. शेजारच्या गच्चीवर कपडे वाळत घालणारी महामाया वाकून बघायला लागली. "काय झालं व वहिनी?" तिने विचारलं. शंतनुने तिला हाताने थांबवलं नाही, मान वर केली नाही. तो ओवीकडेच बघत होता. मग मी ओरडले. मी आयुष्यात कधी एवढ्या मोठ्याने ओरडले नव्हते, बाळंतपणातसुद्धा नाही. ओवी, म्हणून. ते नाव गल्लीत गेलं, समोरच्या दुकानावर आपटलं, तिथला माणूस दारात आला, तारेवरचे पारवे उडाले, सासूबाईंच्या हातातला तांब्या हिंदकळला. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. ओवी एक खडा निवडत होती. तिला गोल हवा होता.

शंतनुचा चेहरा तेव्हा बदलला. मला तो तिच्या डोक्यावरून दिसत होता. हळूहळू काहीतरी त्यातून निघून गेलं. ओवीने खडा देण्यासाठी वर पाहिलं, आणि तिला तो चेहरा दिसला. ती थांबली. तिने त्याच्याकडे नीट पाहिलं, तो कुठे बघतोय ते पाहिलं, आणि मग त्या दिशेला मागे वळली. मी दिसले. ती एवढी हसली, की जणू मी लपून बसले होते आणि तिने मला शोधून काढलं होतं. "म्मा," ती म्हणाली. मागे शंतनु कुणाला तरी विचारत होता, खामगाववरून अकोल्याला जाणारी गाडी किती वाजता आहे. सासूबाई म्हणाल्या, "मी डबा करतो," आणि आत गेल्या, आणि आतून भांडी पडल्याचा आवाज आला.

ओवी उठून माझ्याकडे आली. माझी बोटं ओठांवर होती, केव्हा गेली मला कळलं नव्हतं. ती पायांशी येऊन उभी राहिली, वर बघत, मी काय म्हणते त्याची वाट बघत. मी गुडघ्यांवर बसले, तरी हात निघेना. मग तिने अगदी सहज, खड्यांच्या मातीने भरलेल्या दोन्ही हातांनी माझं मनगट धरलं, तो हात खाली ओढला, आणि माझ्या तोंडाकडे बघत थांबली.